आसाओकाबाईंचे पहिले यजमान

प्रवासाची कल्पना हिरोबेंचीच होती. त्यामुळे पुढं जे घडलं त्याचा बोल दुसऱ्या कुणाला लावायची सोय राहिली नाही.

त्याच वर्षी वसंतात ते तोयोहाशीच्या पाणीखात्यातून निवृत्त झाले होते. सगळा उन्हाळा त्यांनी घरात काढला. म्हणजे यासुए जिथं झाडायला जाई तिथं बसून, आणि ती जिथं बसायला जाई तिथं उभं राहून काढला. नोव्हेंबर लागला तशी यासुए दरवर्षीसारखी ताजिमीला बहिणीकडं जायच्या तयारीला लागली. सेत्सुकोकडं ती चार-पाच दिवस राहून येई. इतकी वर्षं हिरोबेंनी त्या दिवसांत दुकानातले तयार डबे आणून खाल्ले होते आणि ती परत आली की 'सेत्सुको बरी आहे ना' एवढं विचारलं होतं. या वर्षी त्यांच्या मनात आलं, आपण दोघांनीच कुठंतरी जाऊन यावं. टीव्हीवर किसोच्या खोऱ्यातलं काहीतरी दाखवत होते. डोंगर, लाकडी घरं, आगटीभोवती काठीला टोचून भाजत ठेवलेले मासे. ते बघून हिरोबेंच्या तोंडाला पाणी सुटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकिटं काढली, जुन्या हमरस्त्यावरच्या एका गावात खोली सांगून ठेवली, आणि मग यासुएला सांगितलं.

ती ताटल्या पुसत होती. पुसून झालेली ताटली तिनं पुन्हा पुसायला घेतली.

"किसोला? आणि तेही आत्ता, थंडीत?" ती म्हणाली. "त्यापेक्षा समुद्राकडं गेलो तर?"

समुद्र घरापासून सायकलच्या अंतरावर होता. हिरोबेंनी तसं म्हणून दाखवलं. संध्याकाळी तिनं सेत्सुकोला फोन लावला आणि बोळात उभी राहून बराच वेळ हलक्या आवाजात बोलत राहिली. येणार नाही एवढंच सांगायला इतकं काय बोलावं लागतं, हे हिरोबेंना कळेना. पण बहिणी-बहिणींचं बोलणं असंच लांबतं, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

नागोयाला गाडी बदलली. ताजिमी मागं पडलं तेव्हा यासुएनं स्टेशनाकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. नाकात्सुगावाच्या पुढं डोंगर दोन्ही बाजूंनी अंगावर येऊ लागले, तशी ती उठली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

"इकडं या," ती म्हणाली. "आता नदी या अंगाला येते."

हिरोबेंना तिकडच्या खिडकीतून नुसता कडा दिसत होता. मग बोगदा आला, आणि गाडी बाहेर पडली तेव्हा खरोखरच नदी त्या बाजूला होती, पांढऱ्या धोंड्यांमधून वाट काढत चाललेली. तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. डोंगरातल्या नद्या अशाच वळतात, असं यासुए म्हणाली आणि पिशवीतून संत्रं काढून सोलू लागली.

ज्या स्टेशनावर ते उतरले तिथं समोरच एक बाई निखाऱ्यांवर गोहेइ भाजत बसली होती. नव्या तांदळाचा भात कुटून पट्टीवर थापलेला, वरून अक्रोड आणि सोयाबीनचा खारट मिसो वाटून केलेला लेप, आणि तो करपायच्या बेतात असताना सुटलेला वास. हिरोबे पाकीट काढेपर्यंत त्या बाईनं एक पट्टी उचलून यासुएच्या हातात दिलीसुद्धा. कडेला जास्त भाजलेली होती. मग तिची नजर हिरोबेंवर गेली. ती जराशी थबकली आणि तिनं दुसरी पट्टी उचलली.

हिरोबेंनी खाल्लं, आणि क्षणभर बाकी सगळं विसरले. गोड, खारट, तेलकट, आणि मधूनच दाताखाली करपलेल्या भाताचा कुरकुरीत कण. पण यासुएला कडेचं करपलेलं आवडतं हे त्या बाईला कसं ठाऊक? आणि खरं सांगायचं तर ते त्यांना स्वतःलाही कुठं ठाऊक होतं? घरी करपलेला भात ती आपल्या वाडग्यात घ्यायची, तो नाइलाजानं घेते असं ते समजत आले होते.

बसनं वर जाऊन पुढं जुन्या पायवाटेनं खिंड ओलांडायची, असा बेत होता. पलीकडच्या गावात त्यांची खोली होती. वाटेत तोचिबोरा नावाची दहा-बारा घरांची वस्ती लागली. छपरांच्या खाली काकी नावाची नारिंगी फळं सोलून, सुतळीला बांधून वाळत घातली होती, आणि वरती ओंताके डोंगराच्या माथ्यावर पहिलं बर्फ पडलेलं होतं. वस्तीच्या तोंडाशी वाहत्या पाण्याच्या हौदावर एक म्हातारी लाल सलगमाच्या पाल्याच्या जुड्या धूत होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. यासुएनं रुमाल डोक्यावरून पुढं ओढला आणि चालायचा वेग वाढवला. हिरोबेंना वाटलं, तिला थंडी वाजते आहे.

"आसाओकाबाई," म्हातारीनं हाक मारली. "अगं बाई, तोंड लपवून कुठं निघालात?"

आसाओका हे यासुएचं माहेरचं नाव. लग्न झाल्यापासून ते कुणी घेतलेलं हिरोबेंनी ऐकलं नव्हतं.

यासुए थांबली. मग वळली आणि वाकून नमस्कार करत म्हणाली, "किनुयोताई, यंदा उशीर झाला."

म्हातारी एप्रनला हात पुसत पुढं आली. तिनं हिरोबेंना बुटांपासून टोपीपर्यंत पाहून घेतलं. यासुएनं घसा साफ केला आणि म्हणाली, "हे मोरिहिको."

यानं तर हिरोबे पुरतेच चक्रावले. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांना 'अहो' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. आपलं नाव तिच्या तोंडून ऐकताना ते कुणा तिसऱ्याच माणसाचं असावं तसं वाटलं. किनुयोनं त्यांना नमस्कार केला आणि मग यासुएचा दंड धरून, आवाज खाली आणून, पण हिरोबेंना नीट ऐकू येईल इतपतच खाली आणून म्हणाली, "बरं केलंत. एकटीनं किती दिवस काढायचे?"

यासुएचा चेहरा सलगमासारखा लाल झाला. तिनं हिरोबेंकडं पाहिलं. ती नजर त्यांच्या ओळखीची होती. नातेवाइकांच्या घरी ते काही भलतंच बोलायला लागले की ती अशी बघायची. ते गप्प राहिले.

खोली पलीकडच्या गावात सांगितली आहे, एवढं मात्र त्यांनी म्हणून पाहिलं. खोली देणारा तिथला मालक किनुयोच्या नवऱ्याचा साडू निघाला. किनुयोनं तिथल्या तिथं फोन करून, तुमचं गिऱ्हाईक मी ठेवून घेतलं, असं त्याला कळवून टाकलं, आणि पाहुणे मंडळी आत गेली.

घर मोठं होतं आणि धुरानं आतून काळं पडलेलं होतं. मधोमध आगटी, तिच्यावर आकड्याला लोंबणारी किटली. यासुएनं चपला काढल्या त्या फळीवरच्या नेमक्या जागी ठेवल्या. भिंतीवरच्या खुंटीवरून एक जुनं निळं एप्रन काढून कमरेला बांधलं आणि किनुयोच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. हिरोबे आगटीपाशी एकटे उरले. तिला गाठून विचारावं म्हणून ते दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा किनुयो त्यांना, पुरुषमाणसानं इकडं कशाला यायचं, असं म्हणून हसत परत पाठवती झाली. दुसऱ्या वेळी त्यांना दिसलं की यासुए पिंपात पाला दाबून बसवते आहे आणि कसलंतरी गाणं गुणगुणते आहे. घरी ती गुणगुणत नसे. की गुणगुणत असे आणि आपण कामावर असू? हेही त्यांना आता सांगता येईना.

मग किनुयोचा नवरा तोकुझो रानातून आला. वाळक्या लाकडासारखा उभा माणूस, बोलायला सावकाश. त्यानं हिरोबेंसाठी न्हाणीघरातलं टाकं तापवलं. हिरोबे गळ्यापर्यंत पाण्यात उतरले, आणि बाहेरून लाकडं सारत तोकुझो खिडकीतून बोलू लागला.

"पाव्हणे, राग येणार नसंल तर एक सांगतो. आज रात्री पहिल्या यजमानांचं नाव निघंल. दरवर्षी निघतं. मनाला लावून घेऊ नका. बाईमाणूस दुसऱ्याचा हात धरतं म्हणून पहिल्याला टाकून देत नसतं. माझी आई दुसरेपणाचीच होती, म्हणून सांगतो."

हिरोबेंच्या तोंडात पाणी गेलं. ते खोकले. "पहिले यजमान?"

बाहेर लाकडं सारायचा आवाज थांबला. "म्हणजे आसाओकाबाईंनी तुम्हाला सांगितलं नाही?" तोकुझोच्या आवाजात भीती होती.

तो म्हातारा इतका घाबरलेला वाटला की हिरोबेंना त्याचीच कीव आली. सांगितलंय, सगळं सांगितलंय, असं ते म्हणाले, आणि तुम्ही बोला, म्हणाले. मग तोकुझो मोकळेपणानं बोलला. पहिल्या वर्षी आसाओकाबाई आल्या तेव्हा यजमान जाऊन फार दिवस झाले नव्हते. डोळे सुजलेले होते. फार भला माणूस असावा. बाईंना पाठीवर घेऊन त्यांनी एकदा पूर आलेला ओढा ओलांडला होता. काकीचं फळ सोलायचे ते एका सालीत, न तुटता, आणि ती साल बाईंच्या गळ्यात घालायचे. जेवणाला नाव म्हणून कधी ठेवलं नाही.

हिरोबे गरम पाण्यात बसून हिशेब मांडत राहिले. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आईनं आसाओका घराण्याची पार पणज्यापर्यंत चौकशी केली होती. आधी एखादा नवरा असता तर तो आईच्या नजरेतून सुटला नसता. मग हा कोण? ताजिमीचा कुणी? ती ताजिमीला जात होती, म्हणजे जाते असं सांगत होती. मागं एका वर्षी ती तिथून आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, हे त्यांना आता आठवलं. सर्दी झाली असं ती म्हणाली होती आणि आपण तिला औषधाची पुडी दिली होती. ओढा ओलांडणारा तो माणूस तेव्हा मेला असेल काय? त्यांना राग यायला हवा होता. पण मेलेल्या माणसावर रागावायचं कसं, आणि तेही त्याच्याच ओळखीवर तापवलेल्या पाण्यात बसून? डोकं गरगरायला लागलं तेव्हा ते बाहेर आले.

आगटीभोवती ताटं मांडली होती. चार माणसं होती आणि ताटं पाच. पाचवं ताट लहान होतं, यासुएच्या शेजारी, समोर बसायला कुणी नाही असं.

जेवण मात्र असं होतं की हिरोबेंचं मन काही वेळ तरी जागेवर आलं. आगटीतल्या राखेत काठ्या रोवून इवानाचे मासे उभे भाजले होते. त्यांची कातडी फुटून मीठ तडकत होतं. रानातली अळंबी होती, कुट्टू या डोंगरी धान्याच्या पिठाचा गरम गोळा होता. आणि सोबा. कुट्टूच्या त्या शेवयांवर वाफाळतं पाणी आणि वर सुंकी, म्हणजे सलगमाच्या पाल्याचं बिनमिठाचं आंबट लोणचं. किसोत जुन्या काळी मीठ महाग, म्हणून पाला नुसता आंबवायचा. पहिल्या घासाला हिरोबेंचे डोळे मिटले. दुसऱ्या घासाला वाटलं की इतका आंबट पाला आपण आयुष्यात खाल्ला नाही. तिसऱ्या घासानंतर त्यांनी वाडगं खाली ठेवलंच नाही. समोर यासुए दोन्ही हातांत वाडगं धरून आवाज करत शेवया ओढत होती. नाकाच्या शेंड्यावर घाम आलेला. तिला असं खाताना त्यांनी पाहिलं नव्हतं. घरी ती उठबस करत जेवायची, भात वाढायला, चहा ओतायला. आज तिला उठावं लागत नव्हतं.

मग किनुयोनं एक छोटी वाटी आणली आणि आधी त्या पाचव्या ताटात ठेवली. वाटीत गांधीलमाशीच्या अळ्या होत्या, आलं आणि सोया घालून आटवलेल्या.

"त्यांच्या फार आवडीच्या," किनुयो हिरोबेंना म्हणाली. "तुम्हाला चालतील का? शहरातली माणसं बघूनच पळतात."

हिरोबेंनी आजवर अळी म्हणून तोंडात घातली नव्हती. पण ओढा ओलांडणाऱ्या माणसासमोर, तो समोर नसला तरी, मागं हटायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी जेवायच्या काड्यांनी दोन उचलल्या, डोळे मिटून चावल्या. भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी होतं, आतून लोणी. त्यांनी आणखी घेतल्या. वाटी संपली. किनुयोला भारी कौतुक वाटलं. दुसरी वाटी वाढत ती यासुएला म्हणाली की नशीब बघा, हेही तसेच निघाले.

यासुए ताटाकडं बघत होती. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे की हसते आहे, हे हिरोबेंना बसल्या जागेवरून दिसेना.

साके, म्हणजे तांदळाची दारू, गरम होती. किनुयोची जीभ सुटली. पहिले यजमान कसे सरकारी नोकरीत होते, कसे कर्तव्याला पक्के होते, ते ती सांगू लागली. एकदा मोठं वादळ आलं होतं. गावाचं पाणी तुटायचा प्रसंग. दोन दिवस दोन रात्री ते पंपघरातून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी घरी आले ते दारातच आडवे झाले, चिखलाचे बूट पायात तसेच.

"बाईंनी बूट काढले, कोमट पाण्यानं पाय धुतले, बोटांच्या बेचक्यातला चिखल काढला. त्यांना पत्तासुद्धा नाही. जागे झाले ते अंथरुणात. पाणीखातं ते, बाई, पाणीखातं. तिथं माणूस असा लागतो."

हिरोबेंच्या हातातल्या काड्या खाली पडल्या.

ते वादळ त्यांना चांगलंच आठवत होतं. पंपघर आठवत होतं, खांद्यापर्यंत चढलेला ओलावा आठवत होता. दारापर्यंतचं आठवत होतं आणि अंथरुणापासून पुढचं आठवत होतं. मधलं काही नव्हतं. आपण आपल्याच पायांनी अंथरुणापर्यंत गेलो, असं त्यांनी आजवर धरून चाललेलं होतं.

म्हणजे मेलेला माणूस ते स्वतः होते. ताजिमीचा कुणी नव्हता. एक ओझं उतरलं आणि त्याच्या जागी दुसरं काय येऊन बसलं, ते त्यांना उमजेना. कारण पाणीखात्यातला माणूस ते असतील, तर अळ्या आवडणारा कोण? त्यांनी ओढा कधी ओलांडला? काकीचं फळ ते सोलतच नसत. सोलून समोर आलेलं खात. आणि जेवणाला नाव न ठेवणारा? परवाच ते सूप अळणी आहे म्हणाले होते.

"आणि तुम्ही कुठं होतात कामाला?" तोकुझोनं त्यांना विचारलं.

यासुएची नजर वर आली. हिरोबेंनी तोंड उघडलं. "पोस्टात," ते म्हणाले.

आपण असं का म्हणालो, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. पोस्टात कधी ते तिकीट घ्यायलासुद्धा जात नसत, यासुए जाई. तोकुझोनं मान हलवली. पोस्ट बरं, म्हणाला. पोस्टात जिवाला धोका नाही.

शेवटी पाचव्या ताटाचा प्रश्न आला. गेलेल्याच्या नावानं वाढलेलं टाकायचं नसतं. दरवर्षी आसाओकाबाईच ते खात, असं किनुयो म्हणाली. यासुएनं ते ताट दोन्ही हातांनी उचललं आणि हिरोबेंच्या पुढं ठेवलं. किनुयोनं डोळ्याला एप्रन लावलं. हिरोबेंनी आपल्या नावानं वाढलेलं सगळं खाल्लं. मासा गार झाला होता, तरी चांगला लागला. मग साकेनं आणि अन्नानं ते असे जड झाले की अंथरुणाला पाठ टेकताच झोपले. विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी निघताना तोकुझो वस्तीच्या टोकापर्यंत पोचवायला आला. यासुए आणि किनुयो मागं पिंपाविषयी बोलत होत्या. तोकुझोनं हिरोबेंना जरा बाजूला घेतलं.

"एक विचारू? पहिल्यांना तुम्ही ओळखत होता का?"

हिरोबेंनी विचार केला. "थोडंफार," ते म्हणाले.

खिंडीच्या चढावर दोघंच उरली, तेव्हा हिरोबे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं. पण मनात घोळवून ठेवलेले सगळे प्रश्न बाजूला राहिले आणि भलताच प्रश्न तोंडून निघाला.

"मी गेलो कशानं?"

"पोटानं," यासुए म्हणाली. "फार हाल झाले नाहीत."

मग ती वाटेकडेच्या ओंडक्यावर बसली आणि तिनं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी ती खरंच सेत्सुकोकडं गेली होती. दुसऱ्याच दिवशी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, आईच्या किमोनोवरून. यासुए पिशवी उचलून निघाली. पण इतक्या लवकर घरी आली असती तर हिरोबेंनी विचारलं असतं, आणि सांगावं लागलं असतं. म्हणून ती उलट्या दिशेच्या गाडीत बसली आणि डोंगर दिसले तिथं उतरली. एकटी बाई, हातात एक पिशवी, रडून सुजलेले डोळे. वाटेत खोल्या देणाऱ्या एकानंही तिला ठेवून घेतलं नाही. ही इथं जीव द्यायला आली आहे, असं त्यांना वाटलं. किनुयोनं मात्र दारातच तिला विचारलं, काय झालं बाई?

"किमोनोवरून बहिणीशी भांडले, हे काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, माझे यजमान गेले. निघून गेलं ते गेलं. मग नाव विचारलं, तर तुमचं नाव सांगायचा धीर होईना. माहेरचं सांगितलं."

"आणि पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी सुंकीची आठवण झाली," यासुए म्हणाली. "ती खाली मिळत नाही. सेत्सुकोशी तोवर गोडी झाली होती. तिला म्हटलं, तू सांभाळून घे." तिनं डोक्यावरच्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. "पण आलं की त्या दोघांना तुमच्याबद्दल ऐकायचं असायचं. दरवर्षी काहीतरी नवीन सांगावं लागायचं."

ओढा तिच्या वडिलांनी ओलांडला होता, आईला पाठीवर घेऊन. अळ्याही वडिलांच्याच आवडीच्या. काकीच्या सालीचं तिला असंच सुचलं होतं.

"आणि माझं काय?" हिरोबेंनी विचारलं. "बूट सोडून त्यात माझं काय होतं?"

"होतं की," ती म्हणाली. पण काय ते सांगितलं नाही.

हिरोबेंना अजून एक विचारायचं होतं. ते विचारावं की नाही यात बरीच वाट सरली. खिंडीच्या माथ्यावर वारा होता, तिथं त्यांनी शेवटी विचारलं.

"तो बरा होता का, माझ्यापेक्षा?"

यासुएनं या प्रश्नाला सहज उत्तर दिलं नाही. तिनं खरोखर विचार केला, हे तिच्या कपाळावरून दिसत होतं.

"तो बोलायचा कमी," ती म्हणाली.

पलीकडच्या गावात ते उतरले तेव्हा दुपार झाली होती. तोकुझोच्या साडूनं, गिऱ्हाईक पळवलं म्हणून तक्रार करत करत, त्यांना चेस्टनट घातलेला भात वाढला. हिरोबेंनी यासुएच्या वाडग्यात तळाचा खरपुडीचा भाग घातला. आपण रागावलो आहोत की नाही, हे ते सारखे मनाला विचारून बघत होते. कधी वाटे, रागावलो आहोत. इतकी वर्षं ही बाई आपल्याला मारून डोंगरात मजेत जेवत होती. कधी वाटे, पाय धुतलेले आपल्याला कळले नाहीत, ते आपण मेल्यामुळं तरी कळले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि भात फार चांगला होता.

पुढच्या वर्षी दोघांनी जायचं का, असं त्यांनी विचारलं. यासुएनं खाणं थांबवलं नाही.

"पुढच्या वर्षी मी एकटी जाईन," ती म्हणाली. "तुम्ही असलात की मला त्यांच्याबद्दल बोलता येत नाही."

हिरोबेंनी तळाचा आणखी एक घास तिच्या वाडग्यात घातला. त्यांनी, बरं, म्हटलं.

त्याप्रमाणं पुढच्या नोव्हेंबरात ती गेली, आणि या वेळी ताजिमीचं नाव न घेता सरळ किसोला म्हणून गेली. हिरोबेंनी घरी भात लावून पाहिला. तो खाली लागला. त्यांनी तो खाल्ला. पाचव्या दिवशी यासुए परत आली, गालांवर थंडीची लाली, अंगाला धुराचा वास. ती चपला काढत होती तोच त्यांनी तिला विचारलं, "माझं काय सांगितलंस?"

"तुमची तब्येत बरी आहे म्हणून सांगितलं. गुडघे तेवढे दुखतात. तोकुझोदादांनी विचारलंय तुम्हाला."

हिरोबेंना बरं वाटलं. तोकुझोदादांनी विचारलं ते पोस्टातल्या माणसाला, हे लक्षात आल्यावरही ते बरं वाटणं गेलं नाही.

"आणि त्याचं?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं काय," यासुए म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. "ते आहेत तसेच."